आक्कांची भिंत

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण चहा ओतलाय, तर ऐकाच.

पेणच्या शाळेतून निवृत्त झाले आणि आम्ही रोह्याजवळ वरशाला एक तयार घर घेतलं. मागे छोटीशी बाग. सकाळी चिकूखाली खुर्ची टाकली की मी कुठल्या कुठे जाते. मोगऱ्याचा वास, पानांतून गळणारं ऊन, अंगावरून सरकणाऱ्या सावल्या... वाटतं, खुर्चीसकट आपण जरासे वर उचललो गेलोय. आणि डोळे उघडावेत, तर समोर भिंत!

भिंत कसली हो! गिलावा नाही, रंग नाही. उघडे सिमेंटचे ब्लॉक, त्यांच्यामधून बाहेर आलेला माल, वर काळं शेवाळ. सगळं स्वप्न धपकन खाली!

पलीकडे आक्का राहतात. मुलगा दिनेश कंपनीत, शिफ्टला. माणसं गोड. पण भिंतीकडे लक्ष? शून्य!

एकदा मी हळूच विषय काढला. "आक्का, या भिंतीला गिलावा केला तर बरं दिसेल, नाही?"

"व्हय तर! कराच गो बाई. आमची काय ना नाय."

ऐकलंत? मी करू!

मग दिनेशला गाठलं. "अरे, पावसात ब्लॉक ओल धरतात. काहीतरी करायला हवं."

"तेच मी आयेला बोलत होतो. ओळखीचा गवंडी हाय, पाठवू काय? बाकी तुमचं तुम्ही बघा."

म्हणजे माणूस यांचा, खर्च माझा! मी जी फुगले, ती फुगलेच. थंडीत आक्कांनी पोपटीला बोलावलं, तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा तो खमंग वास भिंत ओलांडून माझ्या उशापर्यंत आला. सोसला!

एका सकाळी मात्र खुर्चीत बसल्याबसल्या भिंत विरघळायला लागली. तिच्या जागी खाडी आली. भरतीचं पाणी हळूहळू चढत होतं, पाण्यात ढग, काठाला बगळे... डोळे उघडले तेव्हा माझा राग कुठे गेला कोण जाणे. म्हटलं, जाऊ दे! आपणच मन मोठं करू.

गवंड्याने गिलावा केला. पेणहून गणपतींचे डोळे आखणारा एक रंगारी आला आणि चार दिवसांत त्याने भिंतीवर खाडी उतरवली. पाणी असं, की चपला काढून पाय बुडवावेत. फक्त हाताच्या सवयीने त्याने बगळ्यांनाही गणपतीचे डोळे काढले. लांबट, कृपाळू. आठ बगळे मला आशीर्वाद देत उभे!

मग आक्का आणि दिनेशला चहाला बोलावलं. आक्का कितीतरी वेळ बघतच राहिल्या. "माझ्या म्हायेरची खाडी हाय गो ही," हळूच म्हणाल्या.

मला गहिवरून आलं. "आक्का, मी मनात काही ठेवलं नाही. भिंत तुमची असली म्हणून काय झालं?"

आक्कांचा कप ओठाशीच थांबला. "आमची? बाई, भिंत तुमचीच हाय! पहिल्या मालकानं आपल्या हद्दीत बांधलीन ती."

मी वळून आमच्या यांच्याकडे पाहिलं.

"कागदात आहे तसं," हे बशीत बघत पुटपुटले. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

मी परत आक्कांकडे वळले. "मग आक्का, चार वर्षांत तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?"

"आम्ही काय बोलायचं? हळदीकुंकवाला तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात, असली भिंत ठेवणाऱ्याला लाज वाटाय हवी. आम्ही बायका घरी जाताना बोललो, बाईंचं मन केवढं मोठं! आपली चूक चारचौघींत कबूल कराय धीर लागतो गो!"