नमुना तिच्या कानात

मी सातवी नापास. सोनारकाम वडिलांकडून आलं. नारायण पेठेत माझी एक खोली आहे, तिथे बसून पन्नास वर्षं दुकानदारांसाठी झुमके केले. ते फोटो द्यायचे, मी करून द्यायचो. डोकं त्यांचं, हात माझे.

नवा नमुना आधी बायकोच्या कानात जायचा. झुमका टेबलावर ठेवून कळत नाही. तो लोंबला पाहिजे, मान वळली की हलला पाहिजे. ती पोळ्या लाटत असायची. मी कानात अडकवायचो आणि लांब उभा राहून बघायचो.

"अहो, फार जड आहे हा."

"गिऱ्हाइकाला भरीवच लागतं. हलू नकोस."

"मग गिऱ्हाइकाचाच कान घेऊन या घरी."

तिच्या उजव्या कानाचं भोक ओघळत गेलं आणि एक दिवस पाळी फाटली. डॉक्टरने टाके घातले. त्यानंतर मी नमुना डाव्या कानात घालायला लागलो.

गेल्या वर्षी ती गेली. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, येईल. नाही आलं. दुकानदार त्याआधीच यंत्राचा माल घ्यायला लागले होते, त्यामुळे कामही नव्हतं. सकाळी खोलीत जाऊन बसायचं, संध्याकाळी बसने बिबवेवाडीला घरी यायचं. एवढंच.

सून म्हणाली, "बाबा, स्वतःचं काहीतरी करा ना. मी फोटो टाकते मोबाईलवर."

स्वतःचं म्हणजे काय, तेच मला ठाऊक नव्हतं. महिनाभर नुसता बसलो. मग चांदीचा पत्रा घेतला आणि कसलाही फोटो न बघता एक झुमका केला. कडेला करंजीला घालतात तशी मुरड घातली. का घातली, माहीत नाही.

फोटो बघून कर्वेनगरच्या एका शाळेतल्या बाईंनी जोडी मागितली. दिवसभर शाळेत घालायची म्हणाल्या. माझ्या डोक्यातली वस्तू पहिल्यांदा कुणीतरी मागितली होती. जोडी केली आणि तिथेच अडलो. लोंबते कशी ते बघायला कान नव्हता. सुनेला सोन्याशिवाय काही चालत नाही, लगेच कान चिघळतो.

लहानपणी माझेही कान टोचले होते. भोकं कधीच बुजली. आरसा समोर घेतला आणि ज्या तारेने पेठेतल्या पोरांचे कान टोचत आलो, तसलीच तार डाव्या पाळीत घातली. काही वाटलं नाही. रक्त पुसलं, झुमका अडकवला. लोंबत होता छान.

तो तसाच ठेवून कामाला बसलो. दुपारी कान ठणकायला लागला. चारच्या सुमारास मान एका बाजूला धरून बसलो होतो. तीही अशीच मान धरायची. मला वाटायचं, सवय आहे. बसमध्ये लोक बघत होते. बघेनात का.

सुनेने दारातच पाहिलं. "बाबा! सोनारानंच कान टोचावेत हे खरं, पण स्वतःचे?"

मी विचारलं, "तिचे कान दुखायचे का गं?"

तिने वाकून माझा कान पाहिला. मग म्हणाली, "रोज कोमट तेल लावायच्या आई. तुम्ही कामाला गेलात की."

एका घरात राहून मला माहीत नव्हतं.

"काढा तो आता," सून म्हणाली. "परवा जोडी द्यायची आहे ना?"

"ही नाही देणार. बाईंना सांग, थांबावं लागेल. नसेल जमत तर राहू दे."

बाई थांबल्या. मी पत्रा निम्म्याने पातळ केला, झुमका आतून पोकळ ठेवला, मुरड तेवढी तीच. उजवा कान टोचला आणि झुमका सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घालून बसलो. दुखलं ते टोचल्याचं, वजनाचं नाही. मग जोडी दिली.

आता अजून दोघींनी मागितलेत. भोकं बुजू नयेत म्हणून दोन्ही कानांत तार ठेवली आहे.