शैला दारात उभी राहिली तो दिवस

शैला गेल्याचं कळलं तेव्हा मी दादरला भाजी घेत होते. तिच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई गेली गं... झोपेतच." मी भाजीच्या ढिगापाशी नुसती उभी राहिले. आणि मग जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. रडू यायच्या आधी मी दादरच्या एका पोळीभाजी केंद्राला फोन लावला आणि म्हटलं, "आज आमचे डबे तुम्ही करा." त्यांनी कारणही विचारलं नाही. आमची चूल बंद पडली तर त्यांनी आमचे डबे करायचे, त्यांची बंद पडली तर आम्ही त्यांचे, हे शैलानेच त्यांच्याशी बोलून ठरवलेलं होतं. परळच्या हॉस्पिटलांत आपल्या माणसाच्या उशाशी बसलेल्यांना त्या दुपारीही वेळेवर जेवण मिळालं. ती सोय लावून ठेवणारी घरी पांढऱ्या चादरीखाली होती.

भोईवाड्यात चाळीच्या तळमजल्यावर आम्ही दोघींनी केंद्र काढलं होतं. खोल्या दोन, बाहेर पडायला दार एकच. सुरुवातीला शैलालाही त्याचं काही वाटायचं नाही. मग शेजारच्या गल्लीत फरसाणाच्या दुकानाला आग लागली. माणसं वाचली, दुकान मात्र पुन्हा उघडलं नाही. त्याचा मालक फूटपाथवर मोबाइल हातात घेऊन बसला होता, कोणाला फोन करायचा तेच त्याला सुचत नव्हतं. ते बघून आली आणि शैलाने डोक्यातच घेतलं. सिलिंडर बाहेर जाळीत गेले, दारातली पिठाची पोती हलली, भिंतीवर आग विझवायचं नळकांडं आलं. अधूनमधून ती मध्येच ओरडायची, "आग!" की आम्ही हातातलं टाकून समोरच्या देवळापाशी जमायचं. ती दारात उभी राहून डोकी मोजणार. एकदा बाहेर पडलेल्या बाईने पुन्हा आत जायचं नाही. "किती अभद्र बोलतेस गं!" मी वैतागायचे. "बोलल्याने आग लागत नाही," ती म्हणायची. बायका हसत हसत बाहेर यायच्या. सगळ्यात मोठ्याने हसायची सुनंदा. ती आणि तिची धाकटी बहीण सुषमा, दोघी मालवणकडच्या, आमच्याकडे पोळ्या करायच्या.

एका सकाळी कढईतल्या तेलाने पेट घेतला. वर वाळत घातलेली फडकी पेटली आणि बघता बघता दोन्ही खोल्या धुराने भरल्या. शैलाने बाहेर येऊन गॅस बंद केला. आम्ही देवळापाशी होतो, या वेळी कोणी हसत नव्हतं. शैलाने मोजलं. पुन्हा मोजलं. सुषमा नव्हती. आतल्या खोलीकडे तोंड करून तिने हाका मारल्या, आतून काहीच आलं नाही... सुनंदा धावली. शैलाने दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलं.

"सोडा माका! भैण आसा माझी आत!"

"नाही सोडणार. बंब येतोय. तू आत गेलीस तर दोघी जाल."

सुनंदाने तिच्या थोबाडीत मारली, केस ओढले. शैला हलली नाही. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मग गल्लीच्या तोंडाशी सुषमा दिसली, हातात कोथिंबिरीची पिशवी. कोणालाच न सांगता कोपऱ्यावर गेली होती. "काय झाला गो?" तिने विचारलं, आणि सुनंदा रस्त्यातच बसली.

सगळ्यांनी शैलाचं कौतुक केलं. केंद्र थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू झालं. सुषमा आली, सुनंदा आली नाही. शैला तिच्या घरी गेली, मीही सोबत होते. सुनंदाने चहा दिला, पण वर बघितलं नाही. "तुमचा काय चुकला नाय," ती म्हणाली, "पण तुमचा तोंड बघलंय काय माका तो धूर दिसता." आम्ही परत निघालो. मी म्हटलं, "सोड गं, शेवटी सगळ्या वाचल्या ना?" तेव्हा ती थांबली. "सुषमा खरंच आत असती ना... तरी मी सुनंदाला सोडलं नसतं. सगळे म्हणतात मी धीराची. मला माझीच भीती वाटते." त्यानंतरही ती आगीची तालीम घ्यायची, पण मोजताना तिचा आवाज कापायचा. शेवटपर्यंत तो तसाच राहिला.

तेराव्यानंतर आम्ही केंद्र उघडलं. दुपारी सुनंदा आली, न बोलावता. चपला काढल्या, कणकेच्या परातीपाशी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता दारात कोण रवतला?"

"मी उभी राहीन," म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्यान होवचा नाय. मी रवतंय."

काल आम्ही तालीम घेतली. मी ओरडले, सगळ्या देवळापाशी गेलो. सुनंदा चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली आणि मोजू लागली. सुषमापाशी तिचा आकडा अडला... मग पुढे गेला. मोजणी पूर्ण भरली. "झालं गं, या आता," मी म्हटलं. बायका परत निघाल्या, दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. सुनंदाचे हात चौकटीवरून खाली आलेच नव्हते.