कफाला खलास

सखाराम भुवड माणूस भित्रा, हे रिग्गई नावाच्या वस्तीतल्या त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यालाही त्याचं फारसं काही वाटत नसे. सुतारकामात हात सफाईदार, बोलणं गोड, पण रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की स्वारी पलीकडच्या फुटपाथवर. तेही कागद सगळे जागच्या जागी असताना. गुहागरकडच्या गावातून कुवेतला येऊन उमेदीची वर्षं सरली, तरी आपण इथे कुणाच्या तरी मर्जीवर उभे आहोत ही धाकधूक काही त्याला सोडत नव्हती. ज्याच्या नावावर व्हिसा तो कफील आणि त्याच्या जबाबदारीवर आपण इथे राहायचं तो कफाला. दुकानदाराशी हिंदी, मुकादमाशी हिंदी, त्यामुळे याहून जास्त अरबीची त्याला कधी गरजच पडली नाही. असे मोजके शब्द शिकला आणि त्यातल्याच एकाने त्याचा घात केला.

टीव्हीचं झालं असं. खोलीतला जुना टीव्ही ऐन मॅचमध्ये बंद पडला. तसा तो त्यांचा नव्हताच. त्या खोलीतलं काहीच कुणी दुकानातून आणलेलं नव्हतं. फ्रिज, इस्त्री, गाद्या, सगळं कायमचे गावी गेलेल्यांनी मागे ठेवलेलं. जो नवीन वस्तू घेतो तो लवकर जातो, अशी एक खुळी समजूतही तिथे चालत आली होती. पण दापोलीचा अफताब परकार असल्या गोष्टी मानणारा नव्हता. कंपनीची गाडी चालवणारा, अरबी फाडफाड बोलणारा आणि क्रिकेटवाचून जेवण न जाणारा गडी तो. त्याने आणि धाराशिवच्या सुमेधने ठरवून टाकलं की या खेपेला कोरा टीव्ही घ्यायचा आणि तो सखारामने निवडायचा. साधी बादली घ्यायची तरी सखाराम चार दुकानं पालथी घालतो, म्हणून हा मान त्याला.

सखाराम तयार झाला त्याला कारण निराळं होतं. त्याचा जीव तेव्हा थाऱ्यावर नव्हता. इथे राहण्याचा परवाना, इकामा, संपत आला होता आणि कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा माणूस, विचारलं की 'बुकरा' म्हणून मोकळा व्हायचा. उद्या. रोजच उद्या. गावी लेक विनिता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती पायावर उभी राहीपर्यंत इथे टिकायचं, मग खुशाल हाकला, असं सखारामने मनाशी धरलं होतं. बायको कमल फोनवर इकाम्याचं विचारी, हा 'होईल की' म्हणे आणि विषय जेवणावर नेई. टीव्हीच्या दुकानात उभं राहिलं की तेवढा वेळ डोक्यातला भुंगा गप्प बसायचा.

आधी तो मॉलमधल्या भल्यामोठ्या दुकानात गेला. तिथे भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर एकच निळा मासा पोहत होता. टाय लावलेल्या सेल्समनने याच्या चपलांकडे पाहिलं आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. जमियाच्या, म्हणजे वस्तीतल्या सहकारी भांडाराच्या दुकानात माणूस भला भेटला, पण त्याच्याकडे टीव्ही दोनच आणि दोन्ही सखारामच्या मनास येईनात. मग मिरकाबात, त्यांच्या कंपनीच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीतलं लहानसं दुकान. तिथे काचेत मांडून ठेवलेला एक टीव्ही त्याने मागून पुढून तपासला, दार जोखावं तसा बोटांनी ठोकून पाहिला, उभ्याने, बसून, बाजूने चित्र बघितलं. मांडलेला नग म्हणून स्वस्तही होता. केरळी सेल्समन म्हणाला, गॅरंटी है, पूरा साल. ते साल टीव्ही काचेत मांडला तेव्हाच सुरू झालं होतं, हे मात्र तो बोलला नाही.

थोडे दिवस बरे गेले. मग पडद्यावर उभी हिरवी रेघ आली. सखाराम दुकानात जाऊन तक्रार देऊन आला, नाव आणि फोन नंबर ठेवून आला आणि विसरला. कारण मंदूबचं बुकरा चालूच होतं आणि इकाम्याची तारीख उशाशी येऊन बसली होती.

तो एका बंगल्यात कपाटाची दारं बसवत असताना फोन आला. नंबर अनोळखी, माणूस घाईतला, अरबी बोलणारा. त्याने सखारामचं नाव विचारून खात्री केली आणि कसलीशी लांबलचक हकीकत सांगितली. त्यातलं सखारामला एवढंच कळलं:

"कफाला खलास. बताका घेऊन ये."

बताका म्हणजे ओळखपत्र. एवढं प्रत्येकालाच कळतं.

सखारामने हातातलं दार खाली टेकवलं. टीव्ही घेतला तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, ती खरी ठरली. कफील आपल्याला सोडून मोकळा झाला. आता बताका घेतील, गाडीत घालतील, विमानात बसवतील, विनिताची परीक्षा राहील. कंपनीत फोन करून विचारावं हे शहाण्याला सुचलं असतं. पण भ्यालेल्या माणसाला विचारायचीच भीती असते. विचारलं आणि हो म्हणाले तर? त्याने हत्यारं तिथेच टाकली, फोन बंद केला आणि बस पकडून फिंतास गाठलं.

फिंतासला त्याच्याच वाडीतला प्रीतम शिंपीकाम करून राहायचा. सखारामने त्याला कसलीही हकीकत धड सांगितली नाही. फक्त एक मागणं केलं, की कामावर जाताना बाहेरून कुलूप लाव. खोली रिकामी दिसायला हवी. मग दिवसच्या दिवस तो कुलूपबंद खोलीत बसून राहिला. बाहेर आवाज जाईल म्हणून एसी लावेना, घामाने निथळत राही, पाण्याचा नळही बारीक सोडी. लिफ्टचं दार वाजलं की श्वास रोखी, पावलं पुढे गेली की सोडी. फोनमध्ये सरकारी अ‍ॅप होतं, त्यात इकाम्याचं काय झालं ते दिसलं असतं. पण फोन चालू केला की माग काढतात असं त्याने ऐकलं होतं. आणि खरं सांगायचं तर, दिसेल तेच बघायची त्याच्यात हिंमत नव्हती.

एका संध्याकाळी कुलूप उघडलं आणि प्रीतमच्या मागे दुसरा माणूस दिसला. सखाराम भिंतीला चिकटला. तो अफताब होता; प्रीतमनेच त्याला कळवलं होतं.

"मला न्हेऊ नका रे," सखाराम म्हणाला. "पोरीचं वरीस तरी पुरं होऊ दे. कफाला खलास झाला माजा."

 टीव्हीवरची रेघ वाढली म्हणून अफताब स्वतःच दुकानात जाऊन आला होता. आम्ही फोन केला, तुमचा माणूस काही आला नाही, असं त्याला तिथे सांगितलं होतं. त्याच्या डोक्यात आत्ता उजेड पडला.

"आरे येड्या, हिकडं गॅरंटीला पन कफालाच म्हनतात. टीवीचा कफाला खलास झाला, आन बताका म्हंजे त्याचं गॅरंटी कार्ड. तुजा न्हाय."

प्रीतम खो खो हसला. अफताब मात्र हसला नाही. त्याने सखारामला शेजारी बसवून सांगितलं की तू न सांगता कामावरून गायब झालास, मुकादमाने ऑफिसला कळवलंय, आणि उद्या सकाळी कफील तुझ्यावर फरारीची केस टाकणार आहे. तशी केस लागलेल्याला परत या देशात पाय ठेवता येत नाही, हे सखारामला कुणी समजवायला नको होतं. सबंध जन्म तो ज्याला भ्याला, ते त्याने भिऊन भिऊन स्वतःच ओढवून घेतलं होतं.

सकाळी अफताब त्याला मिरकाबच्या ऑफिसात घेऊन गेला, तेव्हा मंदूब सखारामवर खेकसला. ज्या दिवशी सखाराम पळाला त्याच दिवशी इकामा वाढून आला होता. केसची सगळी माहिती भरून झाली होती, फक्त कफीलने हो म्हणायचं बाकी होतं. म्हातारा कफील खुर्चीत जपमाळ ओढत बसला होता. का पळालास, त्याने विचारलं. सखारामने अफताबकडे पाहिलं. अफताबने सगळी हकीकत अरबीत सांगितली: रेघ, दुकान, फोन, बाहेरून लावलेलं कुलूप. म्हातारा ऐकत राहिला. जपमाळेचे मणी थांबले. आणि मग तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईतो हसला, आतल्या कारकुनांना बोलावून पुन्हा सांगायला लावलं. केस रद्द कर म्हणून त्याने मंदूबला हाताने खूण केली आणि सखारामला चहा मागवला. सगळं ऑफिस हसत होतं, म्हणून सखारामही हसला.

खोलीवर सुमेधने ती गोष्ट अफताबकडून दोनदा वदवून घेतली. म्हाताऱ्याची नक्कल तर अफताबने अशी केली की सुमेध गादीवर लोळला. समोर मॅच चालू होती, मधोमध हिरवी रेघ. सखाराम बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसला होता.

"आन त्याला हसू आलं नसतं तर?" त्याने विचारलं.

अफताबचा नक्कल करणारा हात खाली आला. सुमेध उठून बसला. तिघांचाही कफील तोच होता. सखारामने उठून दाराची कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं, आणि परत येऊन बसला.