नारळ फुटला, खूण राहिली

बायकोच्या मसाल्याची वेबसाईट मी बनवली आणि ती कुणालाही सापडणार नाही अशी चोख व्यवस्था करून ठेवली.

शाळेतली नोकरी सोडून तिनं आमच्या नगरकडच्या झणझणीत शिपी आमटीचा मसाला विकायला घेतला होता. सावेडीतले शेजारीपाजारी असे किती घेणार? बाहेरच्या ऑर्डरी आल्या तर धंदा, नाहीतर जूनमध्ये पुन्हा शाळा. वेबसाईट मी अंगावर घेतली, कारण माझ्या मते मला त्यातलं कळत होतं. अर्धवट दुकान लोकांना दिसू नये म्हणून सेटिंगमध्ये एक खूण केली: सर्च इंजिनांनी या पानांची नोंद घेऊ नये. दसऱ्याला उद्घाटन झालं. लॅपटॉपला हार घातला, नेवाशाहून आलेल्या मेहुण्यानं नारळ फोडला, पेढे वाटले. खूण काढायची राहिली.

मग वाट बघणं. 'शिपी आमटी मसाला' असं टाकलं की सगळ्यांचा मसाला दिसे, आमचा सोडून. हा मोठ्या कंपन्यांचा डाव आहे, असं मी घरात जाहीर केलं आणि आमच्या पानावर तेच तीन शब्द इतक्यांदा लिहिले की ते पान नामजपाची वही वाटू लागलं. मेहुणा फोनवर विचारायचा, "दाजी, वेबसाईट हाय ना नक्की?" इकडे डब्यातल्या मसाल्याचा वास उतरत चालला होता. बायको झाकण उघडून हुंगायची आणि माझ्याकडे बघत ते पुन्हा घट्ट लावायची. त्याचीच मला धास्ती.

शेवटी सर्च इंजिनवाल्यांनी वेबसाईटच्या मालकांसाठी ठेवलेला अहवाल उघडला. तिथं सरळ लिहिलं होतं: पान वाचलं, मालकाची मनाई असल्यानं नोंदवलं नाही. म्हणजे ते यंत्र आमच्या दारी येऊन जात होतं! आमच्या फाटकावर 'गाडी लावू नये' अशी पाटी आहे आणि तिच्याच खाली रोज दोन स्कूटर उभ्या असतात. आणि इथं जगभरची पानं वाचत फिरणारं एवढं अवाढव्य यंत्र माझ्या एका खुणेचा मान राखून मुकाट परत जात होतं.

खूण काढली. काही दिवसांनी आम्ही दिसू लागलो, पण पार मागे. मग झपाटल्यासारखा वाचत सुटलो. आपण शोधतो तेव्हा ते यंत्र जगभर धावत नाही म्हणे. सगळं आधीच वाचून, कुठला शब्द कुठल्या पानावर, याची सूची करून बसलेलं असतं. आपण विचारायचा अवकाश. आणि यादीत पुढे कुणाला बसवायचं? माझ्या नामजपाला त्यानं भीक घातली नाही. पण शेजाऱ्यांकडे पाहुण्या येऊन आमचा मसाला नेलेल्या नाशिकच्या एका बाईंनी आपल्या ब्लॉगवर आमटीबद्दल चार ओळी लिहून खाली आमच्या पानाची लिंक दिली, त्यानंतर आम्ही हळूहळू वर सरकलो. परगावी चांगली खानावळ शोधताना मालकाचं कोण ऐकतं? लोक कुठं बोट दाखवतात ते बघायचं. ही आपल्या एसटी स्टँडवरची अक्कल त्या यंत्रात कुणी घातली असेल, याचं नवल अजून सरलेलं नाही.

पहिली अनोळखी ऑर्डर नागपूरहून आली. हे सगळं मी बायकोला रंगवून सांगत होतो आणि ती नव्यानं धने भाजायला बसली होती. जुना डबा भरलेला आहे की, मी म्हणालो.

"तो विकायचा नाही," ती म्हणाली. "वास गेलाय त्याचा. तो तुम्ही खायचा, संपेपर्यंत."