तळ्यातली सवागी

मंडळी, आज विट्यात आईचं तुटलेलं पैंजण जोडायला नेलं. सोनारानं सांध्यावर सवागी, म्हणजे टाकणखार टाकला. आच लागताच तो लाहीसारखा फुलला, मग काचेसारखा नितळ झाला. आणि मला आबा आठवले.

माझे वडील. कोईमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळायचे, वर्षातून एकदा जत्रेला घरी यायचे.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, सवागी कुठं मिळते?

"आटल्याल्या तळ्यात गं."

मला वाटलं, इथंच मिळाली तर आबा जाणार नाहीत. गावच्या कोरड्या तळ्यातला पांढरा खार फ्रॉकमध्ये भरून आणला.

आबांनी चिमूट जिभेवर ठेवली. "लय झ्याक हाय!" म्हणाले, तो खार रुमालात बांधून घेतला आणि गाडीत बसले.

नुसतं मीठ होतं ते. त्यांना तेव्हाच कळलं असणार.

तुम्ही कुणाला थांबवायला काय आणलं होतं?