खड्ड्यातले नमुने

माळव्यातल्या ज्या कॉलेजात मी शिकवायचे, तिथल्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक लॅब अटेंडंट होते. माधव नगरहून सायकलने यायचे आणि आल्या आल्या खडकांचे नमुने पुसायला घ्यायचे. मुलांना हळूच सांगायचे, "पत्थर मत बोलो भैया, नाम है इसका."

गेल्या वर्षी कॉलेजने विभाग बंद केला. सगळे नमुने नव्या सायकल स्टँडच्या पायाच्या खड्ड्यात भरायचे ठरले. अटेंडंटनी मजुरांना हात लावू दिला नाही. स्वतः खड्ड्यात उतरून एकेक नमुना ठेवताना ते बोलत होते, "हा बसाल्ट, आपल्या माळव्याचा, लाव्हा थंड होऊन झालेला. हा वालुकाश्म, वाळूचे थर दबून झाला. हा संगमरवर. आधी चुनखडी होता, उष्णतेनं आणि दाबानं बदलला."

"एखादा घरी न्या," मी म्हणाले.

"नको मॅडम, चोरी होईल ती."

वर येऊन त्यांनी हात धुतले आणि यादी माझ्यापुढे धरली. प्रत्येक नमुन्यापुढे 'निरुपयोगी' असा शेरा होता आणि खाली माझी सही. ती यादी त्यांनी सकाळीच वाचली होती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "चेक करून घ्या मॅडम, सगळे गेले."