देवाप्पांच्या नावाची ओळ

हेब्बाळच्या एका हवामान संस्थेत भव्या शिंदे सर्व्हर सांभाळते. घर पिढ्यानपिढ्या बंगळुरातलं, मराठी कानडीत बुडवलेली. तिला हे काम शिकवलं निपाणीच्या देवाप्पांनी. ती त्यांना अण्णा म्हणायची. उन्हाळ्यात ते हृदयविकाराने अचानक गेले.

पावसाळा संपता संपता साहेब, हणमंतराव, म्हणाले, "भव्या, देवाप्पांचं खातं अजून सर्व्हरवर आहे. काढून टाक."

खातं काढण्याआधी त्याखाली काही चालू नाही ना, हे बघायचं असतं. तिने टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालू प्रोग्रामांची यादी मागवली. त्यात देवाप्पांच्या नावाची एक ओळ होती. माणूस जाऊन महिने झाले आणि त्याचं काम चालूच!

तिने 'किल', म्हणजे 'मार', लिहून त्या ओळीचा क्रमांक टाकला. एंटर दाबलं. ओळ गेली. पुन्हा यादी काढली, तर ओळ हजर, नवा क्रमांक घेऊन. भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला. आणखी एकदा मारली, पुन्हा आली.

"काय गं, चेहरा का उतरला?" हणमंतरावांनी विचारलं.

"अण्णा जात नाहीयेत, सर."

ते तिच्या खुर्चीमागे येऊन यादी वाचू लागले.

प्रत्येक प्रोग्रामला सुरू करणारा दुसरा एखादा प्रोग्राम असतो. भव्याने तो शोधला. तोही अण्णांनीच लिहिलेला, पण सर्व्हरच्या नावावर चालणारा; पहिला बंद पडला की उठवायचा, एवढंच त्याचं काम. मग तिने पहिला उघडून वाचला. तो तिच्या पावसाच्या गणितावर, म्हणजे पावसाचा अंदाज काढणाऱ्या तिच्या प्रोग्रामवर, नजर ठेवून होता. गणित अडकलं की थांबवायचं, नव्याने सुरू करायचं.

अण्णा असताना, आईच्या आजारपणात ती रजेवर गेली होती. तोवर हे गणित सारखं अडायचं. परतल्यावर अण्णा म्हणाले होते, "तुझं गणित शहाणं झालंय, आता अडत नाही." तिने ते खरं मानलं होतं.

त्या दुपारी तिने आधी उठवणारा थांबवला, मग राखणारा. यादीत देवाप्पा उरले नाहीत. तिने खातं काढलं आणि ती जिन्यात जाऊन रडली.

तोच प्रोग्राम स्वतःच्या नावावर चालवता आला असता. तिच्याने झालं नाही. आठवड्याभरात गणित अडकलं. तिने हाताने सुरू केलं.

अजूनही सकाळी आल्यावर ती यादीत आधी त्यांचं नाव शोधते. काहीच येत नाही. तरी ती क्षणभर थांबते.